कुऱ्हाडीचा घाव: वाळलेलं लाकूड की ओलं?

सिनेमा किंवा गेमसाठी सरपण फोडण्याचा आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर वाळलेलं लाकूडच घ्या. घाव बसताच खणखणीत ‘खट्ट’ येतो, मागोमाग चिरफळी सुटल्याची करकर; पार्श्वसंगीतातूनही तो ऐकू येतो. ओल्या लाकडातला ओलावा वरच्या पट्टीचे स्वर गिळतो, उरतो नुसता ‘धप्प’. पण उभं झाड तोडतानाच्या दृश्याला तोच खरा. तिथे वाळक्याचा आवाज कानाला खटकतो.

गेममध्ये एकच घाव पुन्हा पुन्हा वाजला की लगेच कळतं. म्हणून लाकूड कुठलंही असो, ८-१० वेगळे घाव हवेतच. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ९६,००० नमुने) करा, मायक्रोफोनही २० किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे कानाला ऐकू न येणारं, पकडणारा घ्या. मग नंतर आवाजाची पट्टी उतरवली (तो जाड केला) तरी वरचे ते स्वर खाली, कानाच्या टप्प्यात येतात आणि वाळक्याची ती सुंदर धार शाबूत राहते.