आटे असलेला ब्रॅकेट: पावडर कोटिंग की झिंक प्लेटिंग?

पुण्याजवळ भोसरी-चाकणकडे पत्र्याचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न सारखा पडतो. ड्रॉइंगवर फिनिशची जागा रिकामी असते आणि निर्णय आपल्यावर येतो. इथे 2 मिमी सीआरसीए (थंड रोल केलेल्या लोखंडी) पत्र्याचा, बेंड मारलेला, चार एम6 (6 मिमी बोल्टचे) आटे असलेला ब्रॅकेट धरून बोलतो.

दिसण्यात पावडर (कोरडा रंग फवारून ओव्हनमध्ये भाजलेला थर) पुढे आहे, त्यात वाद नाही. हवा तो रंग मिळतो, टेक्श्चर मिळतं, वेल्डिंगचे बारीक डागही झाकले जातात. भाग उन्हात राहणार असेल तर प्युअर पॉलिस्टर मागा. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी भुकटी सोडते. पावसाळ्यात फॉस्फेटिंग (पावडरआधीची रासायनिक प्रक्रिया) झालेला माल रात्रभर तसाच ठेवू देऊ नका. दमट हवेत त्यावर गंज धरतो आणि वरून मारलेली पावडर पुढे पापुद्र्यासारखी सुटते.

पण माझ्यासाठी गाडी अडते ती आट्यांवर.

पावडरचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा. 60 अंशांच्या आट्यात थराच्या चौपट फरक पिच डायमीटरवर (आट्याच्या दातांच्या मध्यावर धरलेल्या व्यासावर) पडतो, म्हणजे 70 मायक्रॉनला 280. एम6 च्या 6H (नेहमीच्या मापाच्या) आट्याची तिथली पूर्ण टॉलरन्स (मापातली मुभा) 150 मायक्रॉन. बोल्ट जाणारच नाही, म्हणून मास्किंग, म्हणजे आटे झाकून ठेवणं, आलं. 500 ब्रॅकेटच्या लॉटला 2000 सिलिकॉन प्लग हाताने लावायचे आणि हाताने काढायचे. चार-सहा वेळा ओव्हनमधून फिरलेला प्लग कडक होतो, भोकात नीट बसत नाही आणि पावडर आत शिरते. शिवाय प्लग आणि पत्रा यांच्यामध्ये पावडरचा पूल तयार होतो. भाग पूर्ण गार झाल्यावर प्लग ओढला की भोकाच्या काठाचा टवका उडतो. थोडा कोमट असताना काढला तर कमी उडतो. मास्किंग न करता नंतर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवणारेही आहेत. त्यात आट्याचं लोखंड उघडं राहतं आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते.

अर्थिंगचा बोल्ट असेल तर आणखी एक काम वाढतं. पावडर वीज वाहू देत नाही, म्हणून तेवढी जागा मास्क करा, नाहीतर काटेरी वॉशर घाला. बोल्टच्या डोक्याखालचा जाड थर दाबाने हळूहळू बसतो आणि घट्ट केलेला जोड सैल पडू शकतो, हेही लक्षात असू द्या.

झिंकचा (विजेने चढवलेल्या जस्ताचा) थर 8 मायक्रॉनचा, म्हणजे पिच डायमीटरवर 32. 6H ऐवजी 6G (किंचित मोठा आटा पाडणारा) टॅप मारला तर 26 मायक्रॉनची जागा आधीच मिळते. मास्किंग नाही आणि अर्थिंगला अडचण नाही. ओरखडा पडला तरी शेजारचं झिंक आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पावडरमध्ये मात्र ओरखड्यातून गंज थराखाली सरकत जातो.

झिंकचे दोषही आहेत. पत्र्यावर पत्रा ठेवून स्पॉट वेल्ड केला असेल तर फटीत आम्ल अडकतं आणि काही आठवड्यांनी पांढरा डाग बनून बाहेर येतं. असा भाग झिंकला न दिलेलाच बरा. स्प्रिंग स्टीलचा किंवा 12.9 ग्रेडचा (फार कडक पोलादाचा) भाग असेल तर हायड्रोजनने तडकू नये म्हणून प्लेटिंगनंतर लगेच, चार तासांच्या आत, 190 ते 220 अंशांवर बेकिंग लागतं. ओला माल पॉलिथिनमध्ये बांधला तर पांढरा गंज ठरलेलाच. आणि उघड्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या भागाला 8 मायक्रॉन कमीच पडतात. तिथे नाइलाजाने पावडर आणि मास्किंग.

सीईडी (रंगाच्या टाकीत बुडवून विजेने चढवलेला थर) 20 मायक्रॉनच्या आसपास बसतं आणि कोपऱ्यातही पोचतं, पण ते मोठ्या लॉटचं काम.

एकूण, पॅनेलच्या किंवा मशीनच्या आत बसणारा आट्यांचा ब्रॅकेट असेल तर माझा कल झिंककडे. बाहेरून दिसणारं कव्हर असेल तर खुशाल पावडर करा.

झिंकला देताना चलनावर स्पष्ट लिहा: किमान 8 मायक्रॉन, ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन (झिंकवरचा क्रोमियमचा संरक्षक थर), रॅकवर लावून. बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात) बेंडचे भाग एकमेकांत अडकतात आणि कडा ठेचतात. थर कडेला जाड आणि बेंडच्या आत पातळ बसतो, त्यामुळे मोजायची जागा ड्रॉइंगवर दाखवा. लॉट आला की आधी कडेजवळच्या आट्यात गो गेज (आटा बरोबर असेल तर आत जाणारं तपासणीचं माप) फिरवून बघा. तिथे अडला तर माल टेम्पोतून उतरवायच्या आतच परत पाठवता येतो.