रत्नागिरीतून बर्फातल्या तळ्याकडे: भाड्याच्या सामानातलं काय घ्यावं, काय नको

पहिला बर्फ पडल्यावर हिमाचलात धरमशालेजवळच्या करेरी तळ्याकाठी एक रात्र काढायची असेल, तर रत्नागिरीतल्या मी पाहिलेल्या ट्रेकिंग-सामानाच्या दुकानातून स्लीपिंग बॅग आणि मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायच्या काटेरी साखळ्या) बिनधास्त घ्या. टेंट मात्र इथून घेऊ नका.

भाड्याची पद्धत चांगली आहे. बॅग दिवसाला ८० रुपये, स्पाइक्स ६०, आणि गाडीत जाणाऱ्या दिवसांचं भाडं निम्मं. मंगला एक्स्प्रेसने दिल्लीचं निजामुद्दीन, पुढे पठाणकोट, मग बसने धरमशाला, म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच दिवस प्रवासातच जातात. त्यामुळे या सवलतीने चांगलाच फरक पडतो.

दुकानात डाउनच्याही, म्हणजे पक्ष्यांच्या मऊ पिसांच्या, बॅगा आहेत, पण मालक कृत्रिम धाग्यांच्या सिंथेटिकच पुढे करतात आणि ते बरोबरच आहे. मोसमातला पहिला बर्फ शून्याच्या आसपास पडतो. तो ओला असतो, कपड्यांवर वितळतो, आणि रात्री टेंटच्या आतल्या बाजूला श्वासाचं पाणी धरतं. डाउन भिजलं की त्याचे गोळे होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक भराव ओला असला तरी बरीच ऊब धरून ठेवतो. शिवाय आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने डाउनला मानवत नाहीत. आतून नीट सुकत नाही, कुबट वास लागतो. सिंथेटिकचं वजन अर्धा-पाऊण किलो जास्त भरेल, ते सोसावं.

लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. बघायचा तो कम्फर्ट. एक्स्ट्रीमचा आकडा झोपेसाठी नसतोच. त्या तापमानाला माणूस कसाबसा तग धरतो, एवढाच त्याचा अर्थ. आता हिशोब: करेरी २,९३४ मीटरवर, धरमशाला साधारण १,४५० मीटरवर. दर हजार मीटर चढाला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर सुमारे साडेनऊ अंशांचा फरक पडतो. धरमशालेत रात्री ५ अंश असतील तर तळ्यावर उणे ४-५. त्यात तळं खोलगट जागी, थंड हवा रात्री खाली येऊन साचते, म्हणून आणखी दोन-तीन अंश हाताशी ठेवा. उणे ५ कम्फर्टची बॅग आणि आत फ्लीसचं लायनर, म्हणजे आतली पातळ पिशवी, एवढं हवंच.

भाड्याची बॅग लेबलावर विसंबून उचलू नये. पिशवीतून काढून अर्धा तास पसरून ठेवा, मग उजेडासमोर धरून पाय आणि छातीचा भाग बघा. जिथून उजेड आरपार येतो तिथला भराव सरकलाय किंवा दबलाय. या दुकानात बॅगा पिशवीत कोंबून न ठेवता हँगरला टांगतात, म्हणून भराव फुगीर राहिलाय. चेन मात्र वरपासून खालपर्यंत दोनदा ओढून बघा. खाऱ्या हवेने स्लायडर कडक होतो आणि रात्री गोठलेल्या बोटांनी तो हलत नाही.

टेंटची तक्रार गंभीर आहे. टेंटच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत, पत्र्याखालच्या गरम माळ्यावर घडी घालून ठेवला की हा थर विघटित होऊ लागतो. दुकानातल्या टेंटचा फ्लाय, म्हणजे बाहेरचं आवरण, उलगडताना पदर एकमेकांना चिकटून चर्र आवाज आला, नाकाला आंबूस वास आला, आणि शिवणीवरची टेप नखाने सहज सुटली. धुऊन किंवा वाळवून हे दुरुस्त होत नाही. असा फ्लाय कोरड्या हवेत चालून जाईल, पण दिवसा वितळणाऱ्या बर्फाचं पाणी त्यातून झिरपणारच. टेंट धरमशालेजवळच्या मॅक्लोडगंजला भाड्याने मिळतो; तिथेही हीच परीक्षा करा. बर्फात साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत बर्फ भरून तिला टेंटची दोरी बांधा, आडवी पुरा, वरून बर्फ तुडवा आणि पंधरा मिनिटं घट्ट होऊ द्या. धोंडे असतील तर दोरी सरळ धोंड्यालाच. दोन्हीकडची खिडकी थोडी उघडी ठेवाच, थंडी वाजली तरी. नाहीतर पहाटेपर्यंत बॅगेचा वरचा पदर ओला होतो.

मॅट म्हणून फोमची एकच पातळ पट्टी देतात. बर्फावर ती पुरत नाही. फोमवर हवेची मॅट टाका. दोन्हींच्या आर-व्हॅल्यूची, म्हणजे थंडी अडवण्याच्या मापाची, सरळ बेरीज होते आणि बर्फासाठी बेरीज चारच्या पुढे हवी. बॅगेचा खालचा भराव अंगाखाली दबतो, त्यामुळे जमिनीची थंडी मॅटच अडवते. मॅटवर काटकसर करणारे महागड्या बॅगेतही कुडकुडतात.

मायक्रोस्पाइक्स चांगले, स्टीलच्या साखळ्यांवर गंज नाही. रबर ताणून चिरा बघा आणि आपल्या बुटावर घरीच चढवून बघा, कारण थंडीत रबर ताठ होतं. ओढ्याकाठचे खडक आणि सावलीतली वाट इथे पातळ बर्फाखाली काचेसारखा गुळगुळीत गोठलेला थर असतो, तिथेच त्यांची गरज. दुपारी ओला बर्फ स्पाइक्सखाली गोळा होऊन बसतो, तो काठीने झटकत राहा. मोठ्या उतारावर हे क्रॅम्पॉनचं (बुटांना लावायच्या लांब, टोकदार काट्यांचं) काम करत नाहीत.

स्टोव्ह देतात, गॅस देत नाहीत, ते योग्यच. रेल्वेत गॅस न्यायला मनाई आहे. तिकडे घेताना निव्वळ ब्युटेनचा डबा नको, तो शून्याखाली वायूच होत नाही. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण मागा. पाण्याचा फिल्टर रात्री बॅगेत घ्या. एकदा आतून गोठला की त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

परत करताना बॅग एक अख्खा दिवस उन्हात वाळवून द्या. ओलसर आली तर अनामतीतून २०० रुपये कापतात, आणि कापायलाच हवेत.