गोष्ट न सांगणारी पुस्तिका : हर्नहूटचे ‘लोसुंगेन’

रोजच्या मननासाठी ख्रिस्ती घरांत जी छापील साधने वापरली जातात, त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात वरती एक वचन असते, त्याखाली लेखकाच्या आयुष्यातील एखादा छोटा प्रसंग, मग त्यातून निघणारा बोध आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना असते. १९५६ पासून अमेरिकेतून निघणारी ‘अवर डेली ब्रेड’ ही पुस्तिका या प्रकारातील सर्वांत परिचित. दुसऱ्या प्रकारात प्रसंगही नसतो आणि बोधही नसतो. वचन तेवढे असते. जर्मनीतील हर्नहूट या गावातून दरवर्षी निघणारे ‘लोसुंगेन’ हे या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत जुने आणि अजूनही चालू असलेले उदाहरण आहे. स्टुटगार्टमध्ये राहायला आल्यापासून मी ही पुस्तिका वापरतो आहे. ज्याला आपल्या रोजच्या जगण्यात विश्वासाचे धडे शोधायचे आहेत, त्याला गोष्टींनी भरलेल्या पुस्तिकेपेक्षा ही कोरडी दिसणारी पुस्तिका अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे.

पुस्तिका खिशात मावेल एवढी असते. प्रत्येक दिवसाच्या वाट्याला पानाचा लहानसा भाग येतो. त्यात आधी जुन्या करारातील एक वचन, त्याखाली त्याच्याशी नाते सांगणारे नव्या करारातील वचन आणि त्यानंतर एखाद्या गीताचे कडवे किंवा छोटी प्रार्थना. तळाशी त्या दिवशी वाचण्याच्या उताऱ्यांचे संदर्भ दिलेले असतात. रविवारी त्या आठवड्याचे वचन आणि उपासनेसाठीचे उतारेही असतात, त्यामुळे नाताळाआधीच्या आगमनकाळापासून पवित्र आत्मा उतरल्याचा सण असलेल्या पेंटेकॉस्टपर्यंतचे मंडळीचे वर्ष आपोआप लक्षात राहते. स्पष्टीकरण किंवा चित्र कुठेही आढळत नाही.

या साधेपणामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे. मोराव्हियातून छळामुळे पळून आलेल्या विश्वासणाऱ्यांनी १७२२ मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर हर्नहूट वसवले. ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या सभेत झिंझेनडॉर्फ यांनी दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिले, आणि मग रोजचे वचन सकाळी घरोघरी जाऊन सांगण्याची रीत पडली. छापील पुस्तिका १७३१ मध्ये निघाली आणि तेव्हापासून ती एकाही वर्षी खंडित झालेली नाही. आज ती पन्नासहून अधिक भाषांत वाचली जाते. जुन्या करारातील वचने आजही हर्नहूटमध्ये चिठ्ठ्या टाकून काढतात. सुमारे १८०० वचनांच्या संग्रहातून प्रत्येक दिवसासाठी एक चिठ्ठी उचलली जाते, आणि तीही तीन वर्षे आधी. नव्या करारातील वचन मात्र चिठ्ठीने ठरत नाही. ते विचारपूर्वक निवडून जोडले जाते. दोन वचने एकमेकांशेजारी ठेवण्याचे हे काम कधीकधी इतके नेमके साधलेले असते की, एक शब्दही न लिहिता केलेला उपदेश वाचल्यासारखे वाटते.

गोष्ट सांगणाऱ्या पुस्तिकांबद्दल माझी तक्रार त्यांच्या हेतूविषयी नाही. पण रोज एक प्रसंग आणि रोज एक बोध या बंधनामुळे त्यांतील आयुष्य फार सोयीचे होऊन बसते. गाडी रस्त्यात बंद पडली की धीराचा धडा मिळतो, नातवंडाने खेळणे मोडले की क्षमेचा धडा मिळतो, आणि ज्या दिवसातून काहीच निघाले नाही असा दिवस त्या पानांवर कधी उजाडतच नाही. वाचक दुसऱ्याच्या दिवसातील अर्थ वाचून समाधान पावतो आणि स्वतःच्या दिवसाकडे पाहायचे राहून जाते. प्रभू येशूनेही खमीर, हरवलेले नाणे, मोहरीचा दाणा अशा घरातल्या आणि शेतातल्या गोष्टीच घेतल्या; परंतु पेरणाऱ्याचा किंवा निदणाचा असे मोजके दृष्टांत सोडले, तर त्यांचा अर्थ त्याने ऐकणाऱ्यांवरच सोपवला. ‘लोसुंगेन’ हाच विश्वास वाचकावर टाकते.

याचे एक उदाहरण देण्यासारखे आहे. पुस्तिकेत वर्षाचे वचनही छापलेले असते. ते चिठ्ठीने काढत नाहीत, तर एक आंतरमंडळी गट ते निवडतो. २०२४ चे वर्षवचन करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातील होते: तुम्ही जे काही करता ते सर्व प्रीतीने करा. आमच्या भागात अनेक इमारतींमध्ये ‘केरवोखे’ नावाची प्रथा आहे. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना, प्रवेशद्वार आणि कधी बाहेरचा पदपथही त्यानेच झाडून-पुसून ठेवायचा असतो. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला जाते. हे काम मनापासून आवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘जे काही’ या दोन शब्दांत दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या चिखलाने भरलेल्या बुटांचे ठसेही येतात, हे पुस्तिकेने मला सांगितले नाही. ती सांगती, तर ते वाचून मी पान उलटले असते. वचन डोक्यात आणि फडके हातात असल्यामुळे ते माझे मलाच उमगले, आणि त्या आठवड्यात तरी मी कुरकुर न करता जिना पुसला. पुढच्या पाळीला कुरकुर परत आली, हेही सांगायला हवे.

या पुस्तिकेच्या वाचकांत नाझी राजवटीला विरोध करणारे जर्मन धर्मशास्त्रज्ञ दीट्रिख बोनहोफर यांचे नाव नेहमी घेतले जाते. १९३९ च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे राहिले असते, तर जर्मनीतील संकटापासून दूर राहण्याची सोय होती. त्या आठवड्यांतील त्यांच्या दैनंदिनीत रोजच्या लोसुंगचे, म्हणजे त्या दिवसाच्या वचनाचे, उल्लेख येतात. २६ जूनला त्यांच्या वाचनात योगायोगाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील ओळ आली, हिवाळ्यापूर्वी ये अशी. मूळ पत्रात हा अगदी घरगुती निरोप आहे. त्याच अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल आपला त्रोवस गावात राहिलेला झगाही आणायला सांगतो. बोनहोफर यांनी ती ओळ आपल्यालाच उद्देशून आहे असे मानले आणि असे मानण्यात शास्त्राचा दुरुपयोग नाही, अशी नोंदही केली. जुलैत ते परत निघाले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

इतके भारदस्त उदाहरण समोर असल्यामुळेच या पुस्तिकेचा धोकाही स्पष्ट बोलला पाहिजे. चिठ्ठीने निघालेले वचन हाती आले की, कोकणात देवाला कौल लावतात तसा त्याचा उपयोग करण्याचा मोह होतो: नोकरी बदलू की नको, घर घेऊ की नको, आजचे वचन काय म्हणते ते पाहू. हर्नहूटच्या याच विश्वासणाऱ्यांच्या, म्हणजे मोरावियन मंडळीत एके काळी लग्नेसुद्धा चिठ्ठ्या टाकून ठरत असत; १८१८ नंतर ती सक्ती उठली. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठीने झाली हे खरे, पण पेंटेकॉस्टनंतर प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत कुठे दिसत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. वचन अध्यायातून सुटे काढले की त्याचे वजन बदलते. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असे सांगणारे, अनेक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर असते. त्याच्या आधीच्याच वचनात यहूद्यांच्या बाबेलातील बंदिवासाची सत्तर वर्षे सांगितली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते हित स्वतःच्या डोळ्यांनी दिसणार नव्हते. ‘लोसुंगेन’मध्ये संदर्भ दिलेला असतो, पण आधीची ओळ नसते. म्हणून बायबल शेजारी न ठेवता ही पुस्तिका वापरणाऱ्याच्या हाती दिलासा तेवढा लागेल आणि त्या दिलाशाची किंमत कळणार नाही. माझ्या दृष्टीने हा पुस्तिकेचा खरा दोष आहे आणि तो तिच्या रचनेतच आहे.

भाषेविषयी थोडेसे. वचने मार्टिन लूथरच्या जर्मन भाषांतराच्या २०१७ च्या सुधारित आवृत्तीतून घेतलेली असतात. जर्मन शिकत असलेल्या मराठी माणसाला वाक्ये आखूड असल्यामुळे ती पेलतात, पण शब्द जुन्या वळणाचे आहेत. कार्यालयात तसे बोलू नये. मी वचन जर्मनमध्ये वाचतो आणि लगेच मराठी बायबलमध्ये तोच संपूर्ण अध्याय काढतो. यामुळे वर सांगितलेल्या दोषावर निम्मा तरी उपाय होतो.  

साधी आवृत्ती स्वस्त आहे. मोठ्या अक्षरांची आवृत्ती ज्येष्ठांसाठी उत्तम आहे. हिब्रू आणि ग्रीक मूळ पाठाची स्वतंत्र आवृत्ती धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवडेल. मोबाइलवरील अॅप विनामूल्य आहे आणि प्रवासात सोयीचे पडते, पण वचनाखाली लगेच दुसऱ्या सूचना झळकू लागतात, म्हणून घरात मी छापील प्रतच वापरतो. कौटुंबिक उपासनेत लहान मुले असतील, तर मात्र ही पुस्तिका एकटी पुरणार नाही. मुलांना गोष्ट लागते, आणि ती त्या दिवशी घरातल्या कोणीतरी सांगावी लागेल.