‘दुकानात चालते, घरी चालत नाही’: ग्राफिक्स कार्डाच्या खरेदीत झालेली फसवणूक

जुन्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्रे तयार करणारा भाग) बसवून तो खेळांसाठी सक्षम करण्याच्या विचारात जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. खोटे वर्णन करून माल विकणे ही बाजारात जुनीच गोष्ट आहे. आमच्या बाबतीत मात्र मालातील दोष झाकण्यासाठी आधी विंडोज, मग एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) आणि शेवटी इंदूरचा उन्हाळा यांना दोषी ठरवले गेले, आणि त्या खटाटोपात माल परत करण्याची मुदत जाणूनबुजून संपवण्यात आली. मला या व्यवहारातील हा दुसरा भाग अधिक घातक वाटतो, कारण खोटे कार्ड ओळखण्याची साधने फुकट उपलब्ध आहेत. पण ‘सॉफ्टवेअरची अडचण आहे’ हे वाक्य ऐकल्यावर ती साधने हाती घ्यावीत असे कोणाला सुचतच नाही.

रामबागेत राहणारा माझा भाचा अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. त्याच्या संगणकात रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम आणि एका चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस होता. या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे दोन जीबीचे एक जुने कार्ड लावलेले होते आणि नवे खेळ त्यावर धड चालत नव्हते. मॉनिटर १०८० पिक्सेलचा, साठ हर्ट्झचा. एवढ्या गरजेसाठी महागडे कार्ड घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याने एएमडी या कंपनीचे रेडिऑन आरएक्स ५८०, आठ जीबी, हे कार्ड निवडले. एप्रिल २०१७मध्ये आलेले हे कार्ड जुने असले तरी २३०४ शेडर (चित्राची गणिते करणारे छोटे घटक), २५६ बिटची मेमरी बस (मेमरीशी माहितीची ने-आण करणारा मार्ग) आणि आठ जीबी मेमरी एवढे या किमतीत सहसा मिळत नाही. निवड विचारपूर्वक केलेली होती आणि आजही ती मला योग्यच वाटते.

शहरातील एका दुकानदाराने ‘आरएक्स ५८०, आठ जीबी, जुन्या स्टॉकमधील पण नवे कोरे’ असे व्हॉट्सॲपवर लिहून साडेनऊ हजार रुपये सांगितले. कार्ड खोक्यात होते आणि खोक्यावर सीलही होते. बिल मात्र कच्चे मिळाले. त्यावर केवळ ‘ग्राफिक कार्ड ८ जीबी’ एवढेच लिहिलेले होते आणि खाली ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’ असा शिक्का होता. काउंटरवरील संगणकात कार्ड लावून एक खेळ चालवूनही दाखवला गेला. खेळ उत्तम चालला. पैसे यूपीआयने दिले.

घरी कार्ड बसवल्यावर विंडोज सुरू झाले, पण एएमडीच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर) बसवताना पडदा काळा झाला, आणि पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि ‘कोड ४३’ (विंडोजने कार्ड थांबवल्याचा त्रुटी-संकेत) दिसू लागला. भाच्याने रीतसर उपाय केले. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने जुना ड्रायव्हर पूर्ण पुसला, मध्येच विंडोजने स्वतःहून दुसरा ड्रायव्हर आणू नये म्हणून इंटरनेट तोडले, आणि मग नव्याने ड्रायव्हर बसवला. परिणाम तोच झाला. “मामा, कार्डच खराब आहे असं वाटतंय,” असे तो मला तेव्हाच म्हणाला होता.

दुकानात नेल्यावर तेच कार्ड पुन्हा सुरळीत चालले. “कार्ड तो आपके सामने चल रहा है, दिक्कत आपके सिस्टम में है,” असे दुकानदाराने शांतपणे सांगितले, आणि समोर खेळ चालू असताना त्यावर उत्तर देणे अवघड होते. संगणक ठेवून घेऊन त्यांनी फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. संगणक घरी आल्यावर काही काळ ठीक चालला. मग विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर आणला आणि तोच काळा पडदा, तोच कोड ४३.

यानंतर दोष एसएमपीएसकडे गेला. आरएक्स ५८० हे कार्ड १८५ वॉटचे असून त्यासाठी एएमडीची शिफारस ५०० वॉटच्या एसएमपीएसची आहे, त्यामुळे ‘४५० वॉट कमी पडतात’ हे म्हणणे पटण्यासारखे होते. असे अर्धसत्य पूर्ण खोट्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते. त्यांनी ६०० वॉट असे मोठ्या अक्षरांत लिहिलेला एसएमपीएस बसवला. प्रत्यक्षात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मुख्यतः बारा व्होल्टच्या लाइनवर चालतात, आणि त्या लाइनवर किती अँपिअर मिळतात हे लेबलच्या तक्त्यात छापलेले असते. नव्या एसएमपीएसच्या लेबलवर बारा व्होल्टला २५ अँपिअर होते, म्हणजे ३०० वॉट. जुन्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर ३४ अँपिअर, म्हणजे ४०८ वॉट. आमच्याकडून पैसे घेऊन आमचा एसएमपीएस कमकुवत करण्यात आला होता. हे गणित कोणालाही अर्ध्या मिनिटात करता येते, म्हणून एसएमपीएस घेताना खोक्यावरील मोठा आकडा सोडून त्या तक्त्याकडे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

तरीही अडचण गेली नाही, तेव्हा मे महिन्यातील उष्णता आणि ‘कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही’ हे कारण पुढे आले. आणि ते कारण निघेपर्यंत सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी संपून गेली होती. ती संपल्याची आठवण दुकानदाराने स्वतःहून, अगदी नम्रपणे करून दिली.

खरा प्रकार उघड केला तो माझ्या एका स्नेह्यांनी, जे चिप-लेव्हल दुरुस्तीचे काम करतात. त्यांनी विंडोजला हातही लावण्याआधी कार्ड उजेडात धरले. कूलरच्या स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे होते, मागील पट्टीवर गंज पुसल्याच्या खुणा होत्या आणि मेमरी चिपांच्या कडेला थर्मल पॅडमधून (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतून) पाझरलेले तेल साचले होते. नव्या कार्डावर यांतील एकही गोष्ट असू शकत नाही. मग त्यांनी जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा छोटा मोफत प्रोग्राम उघडला. नावाच्या रकान्यात आरएक्स ५८० होते, पण शेडरच्या रकान्यात २३०४ऐवजी २०४८ आणि टीएमयूच्या (चित्रातील पृष्ठभागांना पोत देणाऱ्या घटकांच्या) रकान्यात १४४ऐवजी १२८ हे आकडे होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ या नावाचे कार्ड एएमडीनेच २०१८च्या ऑक्टोबरमध्ये चिनी बाजारासाठी काढले होते. त्याची घडण प्रत्यक्षात आरएक्स ५७०ची आहे. म्हणजे ते कार्ड बनावट नाही, त्याचे वर्णन खोटे होते. नावातील शेवटचा भाग गाळला की एक नवमांश शेडर कमी असलेले कार्ड पूर्ण किमतीला विकता येते. ही कार्डे इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगसाठी (संगणकाकडून सतत गणिते करवून ते चलन मिळवण्यासाठी) मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचे मायनिंग करणे बंद झाले, तेव्हा अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या मालाच्या बाजारात आली. जुने कार्ड जुने म्हणून, खऱ्या नावाने आणि योग्य किमतीत विकायला कोणाचीही हरकत असू नये. ते धुऊनपुसून ‘नवे कोरे’ म्हणून विकणे हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे.

आता कोड ४३चे कोडेही उलगडले. मायनिंग करणारे लोक मेमरीचा वेग वाढवण्यासाठी कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेल्या मूळ सूचनांमध्ये) फेरफार करतात. एएमडीचा ड्रायव्हर सुरू होताना त्या बायोसची डिजिटल सही तपासतो, आणि ती जुळली नाही तर कार्ड चालवण्यास नकार देतो. हा नकार टाळण्यासाठी ड्रायव्हरच्या फाइलमध्येच बदल करणारी एक पॅच उपलब्ध आहे. दुकानातील संगणकावर ती आधीच लावलेली होती, म्हणून कार्ड तेथे चालत होते. आमचे विंडोज नव्याने टाकताना तीच पॅच आमच्याकडेही लावली गेली, आणि विंडोज अपडेटने ड्रायव्हर बदलताच तिचा परिणाम नाहीसा झाला. ‘दुकानात चालते, घरी चालत नाही’ यामागे आमच्या संगणकाचा कोणताही दोष नव्हता. उलट आमचा संगणक खरे तेच सांगत होता. विकणाऱ्याला हे सर्व ठाऊक होते, कारण पॅच आपोआप लागत नाही, ती कोणीतरी हाताने लावावी लागते. माझ्या दृष्टीने फसवणुकीचा हेतू सिद्ध करणारी हीच सर्वांत मोठी बाब आहे.

त्या नव्या विंडोजविषयीही सांगितले पाहिजे. भाच्याच्या संगणकात परवान्याचे विंडोज होम होते आणि तो डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर ते आपोआप सक्रिय झाले असते. दुकानाने प्रो आवृत्ती टाकून ती एका चोरट्या ॲक्टिव्हेटरने सक्रिय केली, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून विंडोज डिफेंडर या व्हायरसरोधकाच्या तपासणीतून एक पूर्ण फोल्डर वगळून ठेवला. या सेवेचे आम्ही पैसे मोजले होते. ते सर्व पुसून आम्ही मूळ आवृत्ती पुन्हा बसवली.

एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांबाबत याहून धीट प्रकार चालतो. तेथे २०१०मधील जीटीएस ४५०सारख्या जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय असे नाव देतात. जीपीयू-झेडच्या २०१८मध्ये आलेल्या २.१२.० आवृत्तीपासून अशा अनेक कार्डांच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द दिसतो. शिवाय खऱ्या १०५० टीआयच्या चिपमध्ये जुन्या व्हीजीए जोडणीची सोयच नाही, त्यामुळे या नावाच्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर तेथेच थांबावे.

पैसे परत मिळवण्यासाठी कायद्याचा आधार निश्चित आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणे हीसुद्धा. सदोष माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरली जाते. आमच्या बिलावर सात दिवसांचा शिक्का होता, म्हणून आम्ही परतीच्या मुदतीवर वाद न घालता खोट्या वर्णनावर भर दिला. कच्च्या बिलात कार्डाचे नाव नसले तरी व्हॉट्सॲपवरील ‘नवे कोरे’ हे शब्द, यूपीआयची नोंद, जीपीयू-झेडची चित्रे आणि स्क्रूंची छायाचित्रे हाती होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तीच कागदपत्रे जोडून दुकानदाराला लेखी पत्र दिले. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, समेट घडवण्याचा प्रयत्न करते. पण जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे पत्रात स्पष्ट लिहिल्यावर बोलण्याचा सूर बदलला. कार्डाची पूर्ण रक्कम परत आली. एसएमपीएस आणि विंडोजचे पैसे देण्यास त्यांनी नकार दिला आहे आणि त्यासाठी आयोगाकडे जाण्याची आमची तयारी चालू आहे.

भाच्याने नंतर दुसरीकडून कार्ड घेतले. तेथे पक्क्या बिलावर पूर्ण नाव आणि सीरियल क्रमांक लिहून घेतला, आणि कार्ड आपल्याच संगणकात, कंपनीच्या संकेतस्थळावरून तेव्हाच उतरवलेल्या ड्रायव्हरवर चालवून पाहिल्यावरच पैसे दिले. चांगल्या दुकानदाराने याला हरकत घेतली नाही.

आम्ही परत केलेले कार्ड मात्र आता पुन्हा त्या दुकानदाराच्या ताब्यात आहे आणि ते पुन्हा विकले जाईल याविषयी मला शंका नाही. म्हणून इंदूरकरांनी हे लक्षात ठेवावे: दोन पंख्यांचे, काळ्या आवरणाचे, आरएक्स ५८० असे नाव सांगणारे आठ जीबीचे कार्ड जुन्या स्टॉकमधील नवे म्हणून कोणी देऊ लागले, तर आधी कूलरचे स्क्रू पाहावेत आणि जीपीयू-झेडमध्ये शेडरचा आकडा २३०४ आहे की २०४८, हे तपासावे.