प्रिंट ऑन डिमांड : छपाई ठीक, पण माझा ‘ऱ्या’ परत द्या

पुस्तक छापून देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापायची, गठ्ठे घरात नकोत, भांडवल नको, हे स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांना सांगायला नकोच. कागद बरा, बांधणी सुटत नाही, पार्सल वेळेत येतं. माझी तक्रार एका अक्षराची आहे.

पुस्तक दऱ्याखोऱ्यांतल्या जत्रांवरचं. मुखपृष्ठावर छापून आलं ‘दर्याखोर्यांतल्या’. सह्याद्री सोडून थेट समुद्रात! आतही ‘येणार्या’, ‘करणार्या’ यांचा सुळसुळाट. आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंना कौतुकानं प्रत दिली, तर त्यांनी पहिल्या प्रकरणात पेन्सिलीनं गोल करकरून ती परत धाडली.

हेल्पडेस्कचं उत्तर ठरलेलं : ‘सर, तुमची फाइल करप्ट आहे.’ फाइल माझ्याकडे ठणठणीत दिसत होती. शेवटी कारण मीच शोधलं. मजकूर श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीतून युनिकोडमध्ये आणलेला. त्यात हा ‘ऱ्या’ साधा र, हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असा बसतो. यांची यंत्रणा ते चिन्ह कचरा समजून झाडून टाकते आणि अर्ध्या र चा रफार होतो. उपाय सोपा : सगळीकडे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ टाकून घ्या, मग तो हलत नाही. पण दुरुस्त फाइल चढवायचे पैसे वेगळे! चूक त्यांची, भुर्दंड मला.

इथवर लिहून एकच तारा देणार होतो. मग हिशेब काढला. २५० रुपये किंमत. छपाई आणि विक्रीच्या साइटचं कमिशन जाऊन हातात तिसेक रुपये. चिडायलाच हवं. पण ऑर्डरी बघितल्या तर इंदूर, बडोदा, बेळगाव. तिथे माझं पुस्तक कोणता वितरक नेणार होता? वितरक चाळीस टक्के मागतो आणि पैशांसाठी फोन करकरून आपलाच घसा बसतो. तेव्हा दूरच्या वाचकांसाठी ही सोय ठेवली आणि ओळखीतल्या विक्रीसाठी पुण्यात थोड्या प्रती एकदम छापून घेतल्या. एका प्रतीचा खर्च बराच खाली आला.

त्या पाठवायला सापडली ज्ञान पोस्ट, आणि खरे पाच तारे तिलाच. टपाल खात्यानं १ मे २०२५ ला सुरू केली : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, मग वजनाप्रमाणे वाढत ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा, ट्रॅकिंगसकट. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठीच आहे, आणि पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. जाडजूड खोका वापरू नका. माझं पुस्तक साध्या पाकिटात ३०० ग्रॅमच्या आत बसतं, पुठ्ठा घातला की पुढच्या दरात जातं. कुरियरवाल्याला दिलेले पैसे आठवले की अजून पोटात दुखतं.

हो, कंपनीचा फुकट आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घेऊ नका, प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागतं. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून स्वतःच्या नावावरही तो फुकटच मिळतो. माझा होता, म्हणूनच पुण्यात छापताना कुणाला विचारावं लागलं नाही.

घर यावर चालत नाही, पुढच्या पुस्तकाची छपाई निघते. तूर्त अडीच तारे. दुरुस्तीचे पैसे परत आले तर तीन करीन.