भांगेच्या बिया: आठ महिन्यांच्या वापरानंतर

या बिया खाऊन नशा चढत नाही. हे एकदाचं सांगून टाकलं की पुढचं नीट वाचलं जातं. भांगेच्या झाडाची नशा असते ती मादी फुलांवरच्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या बारीक पानांवरच्या चिकट राळेत. बीच्या आत ती तयारच होत नाही. बीवर टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचा, जो किंचित अंश सापडतो, तो मळणीत सालीला चिकटलेल्या राळेचा. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसत्या बिया येत नाहीत. नोव्हेंबर २०२१मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ यांचे अन्न म्हणून निकष ठरवले. बी आणि तेलात टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. शिवरात्रीच्या थंडाईत पडतो तो वाटलेला पाला, त्याचा बियांच्या पाकिटाशी काही संबंध नाही. फक्त डोपिंग चाचणी द्यावी लागणाऱ्या खेळाडूंनी लांब राहिलेलं बरं; अंश का होईना, धोका कशाला घ्या.

आठ महिने वापरात आहेत अख्खी बी, सोललेली बी (पाकिटावर ‘हेम्प हार्ट्स’) आणि घाण्याचं तेल. अख्खी बी सर्वात स्वस्त, सर्वात टिकाऊ आणि चवीलाही सर्वात सरस. अडचण एकच, साल. बी साधारण ३-४ मिलिमीटरची, राखाडी-तपकिरी, वर संगमरवरासारख्या रेषा. साल कडक असते, त्यामुळे नुसती भाजून खाल्ली की दातांत कचकच होते आणि निम्मी बी न चावताच पोटात जाते. ती जशी जाते तशीच बाहेर येते.

सुटी आणलेली बी आधी रोळून घ्यावी लागते. पसरट पातेल्यात पाणी घालून हात फिरवला की हलकी बी वर येते आणि खडे-माती तळाशी बसते. हे दोन-तीन मिनिटांत उरकायचं. भिजत राहिली की बीही खाली जाते आणि सगळी मेहनत वाया. मग कपड्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची. ओली बी तव्यावर टाकली तर भाजली न जाता वाफवली जाते, आणि मिक्सरमध्ये लगदा होतो.

भाजायची लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, सतत हलवत, चार-पाच मिनिटं. तडतड सुरू झाली आणि रंग एक छटा गडद झाला की लगेच परातीत काढायची. तव्यातच राहू दिली तर अर्ध्या मिनिटात कडू होते. कारळं भाजणाऱ्या हाताला हे सांगावं लागणार नाही. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सर लावायचा, तोही थांबून थांबून. बी गरम असेल किंवा मिक्सर एकदम फिरवला तर तेल सुटून भांड्याला गोळा चिकटतो.

उत्तराखंडातल्या कुमाऊंमधली भांगेची चटणी अशी होते: ४० ग्रॅम भाजलेली बी, एक चमचा भाजलेलं जिरं, चार सुक्या मिरच्या, मीठ. आधी सगळं कोरडंच बारीक करायचं, नंतर एका मोठ्या लिंबाचा रस, मूठभर पुदिना-कोथिंबीर आणि लागेल तसं पाणी. पाणी आधी घातलं तर साल वाटलीच जात नाही. तिकडे गडेरीच्या म्हणजे अळूच्या गड्ड्यांच्या रश्श्यात बी पाण्याबरोबर वाटून, कापडातून गाळून ते पांढरट पाणी घालतात. आपल्याकडे आमटीत शेंगदाण्याचं कूट जे काम करतं तेच. चोथा टाकून द्यायचा.

मराठी ताटासाठी कोरडी चटणी जास्त उपयोगाची: १०० ग्रॅम बी, ५० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे तिखट, मीठ. पूड मध्यम चाळणीने चाळून घ्या, वर राहिलेली साल पुन्हा एकदा फिरवा, तरीही राहिली तर फेका. चव कारळं आणि अक्रोड यांच्या मधली. भाकरीवर तेल घालून उत्तम. बाहेर आठवडाभर, फ्रिजमध्ये महिनाभर.

सोललेली बी दिसायला मऊ, पांढरट-हिरवी. भाजायची, वाटायची गरज नाही; पोह्यांवर, दह्यात, कोशिंबिरीत तशीच जाते. ३० ग्रॅम बी पाव लिटर पाण्याबरोबर मिनिटभर फिरवली की दूध तयार, गाळायचीही गरज नाही. हे दूध थंड पेयात चांगलं, पण कडक कॉफीत फाटतं.

पण साल गेली की हवेचं राज्य सुरू होतं. या बियांत निम्म्याच्या आसपास तेल आहे आणि ते पटकन खराब होणाऱ्या जातीचं. एका दुकानातून आलेलं पाकीट उघडताच जुन्या वॉर्निशचा वास आला. छापील मुदत अजून पाच महिने बाकी होती. पाकीट उन्हात किंवा गरम गोदामात राहिलं की मुदतीला अर्थ उरत नाही. ताज्या बीला ओल्या गवताचा आणि दाण्यांचा वास असतो. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट खवखव जाणवली तर बी खवट झाली, परत करा. अर्धा किलोचं पाकीट स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. २०० ग्रॅम आणा, काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपवा.

आता ‘सुपरफूड’चं. सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं, ४९ ग्रॅम चरबी, ७०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ८ मिलिग्रॅम लोह. मॅग्नेशियमचा आकडा खरोखर मोठा आहे. प्रथिनं सहज पचतात, पण लायसीन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी, म्हणजे गव्हाची आणि हिची उणीव एकच. जोडीला डाळ हवी. कॅल्शियम जेमतेम ७० मिलिग्रॅम. न सोललेल्या तिळात ते ९०० च्या वर असतं, तेव्हा तिळाला ही पर्याय नाही. ओमेगा-३साठी घेत असाल तर जवस घ्या: जवसाच्या तेलात त्याचं प्रमाण निम्म्याच्या वर, भांगेच्या तेलात साधारण पाचवा हिस्सा. आणि वनस्पतीतल्या ओमेगा-३चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फारच थोडं करतं. थोडक्यात, तीळ-कारळं-जवसाच्या पंगतीत बसणारी ही आणखी एक गळिताची बी आहे. चव आवडली तर खा.

रोजचं प्रमाण दोन ते तीन मोठे चमचे, म्हणजे २० ते ३० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात एकाच चमच्यावर थांबा. एकदम तीन सुरू केले तर तेलामुळे पोट सैल होतं. ३० ग्रॅममध्ये दीडशेच्या वर कॅलरी असतात. त्या जेवणातून कमी केल्या नाहीत तर वजन वाढणारच. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस जपावा लागतो आणि तो हिच्यात भरपूर आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तरी डॉक्टरांना विचारूनच.

तेल गडद हिरवं, ते हरितद्रव्यामुळे. त्याच हरितद्रव्यामुळे उजेडात ते भराभर बिघडतं, म्हणून पारदर्शक बाटलीतलं घेऊच नये. फोडणीला अजिबात नको: साधारण १६५ अंशांना धूर धरतं, चव माशासारखी होते. चटणीवर, शिजलेल्या वरणावर वरून एक चमचा, एवढंच त्याचं काम. प्रोटीन पावडर म्हणजे घाण्यातून निघालेली पेंड दळून चाळलेली. पाण्यात वाळूसारखी लागते. थालीपिठाच्या भाजणीत दहाला एक या प्रमाणात खपते, बाकी नाही.

दर पाकिटाची चव वेगळी का, याचं उत्तर शेतात आहे. उत्तराखंडाने २०१८मध्ये ०.३ टक्क्याहून कमी टीएचसीच्या भांगेला परवान्यावर लागवडीची मुभा दिली. तिथलं देशी झाड तीन-चार मीटर जातं आणि एकाच तुऱ्यात काही बी पिकलेली, काही हिरवी असते. थांबलं तर पिकलेली गळते आणि पाखरं टिपतात. घाई केली तर हिरवी बी येते आणि माल कडवट होतो. फिनलंडमध्ये तयार झालेला फिनोला हा तेलबियांचा वाण मात्र जेमतेम दीड मीटरचा, दिवस लहान व्हायची वाट न पाहता फुलणारा. आणखी एक कटकट परागाची. तो वाऱ्याने दूर जातो आणि डोंगरात रानभांग जागोजागी आहे. संकर झाला की त्या बियांपासून उगवणाऱ्या पुढच्या पिढीत टीएचसी मर्यादेच्या वर जाऊ शकतं. म्हणून दर वर्षी खात्रीचं बियाणं हवं, आणि ते महाग. पाकिटातली बी कुंडीत पेरून बघायचा मोह टाळा: विनापरवाना एक झाडही गुन्हा आहे.

अल्मोडा-नैनितालच्या बाजारात सुटी बी घेताना ‘भंगजीरा’ नावावर फसू नका. तीही चटणीचीच, वासाला छान, पण झाड वेगळं, तुळशीच्या कुळातलं. तिचा दाणा गोल आणि बराच बारीक. भांगेचा लांबट, रेषारेषांचा, नखाने दाबला तर टचकन फुटून आतला पांढरा गर दाखवणारा.