धुऱ्यासाठी काय घ्यावं: स्लॅशर, मल्चर की कटर बार?

पोळ्याच्या सुमारास विदर्भातल्या कोणत्याही वावरात जा, कपाशी कमरेला आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, तण छातीला लागलेलं असतं. तरोटा, गाजरगवत, आघाडा, पेटारी, कुंदा, मधूनच रायमुनियाचं जाळं. त्यात रानडुकरं दडतात, घोणस असते, आणि गाजरगवत-पेटारीवर पोसलेला पिठ्या ढेकूण तिथूनच कपाशीत उतरतो. इळ्यानं धुरा कापायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर वेचणीच्या दरानं मागतात. तणनाशक मारावं तर 2,4-डीचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं आकसतात, आणि ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं 2022 मध्येच बंधनं आणली आहेत. धुरा पेटवला तर उगवलेला कडुनिंब, बोर सगळं जळतं. मग ट्रॅक्टर दारात उभा आहेच, त्यामागे कापणी यंत्र (तण झोडपणारा स्लॅशर, चुरा करणारा मल्चर की कात्रीसारखा कटर बार) लावावं हा विचार येतो, आणि तो चुकीचा नाही.

पण दुकानात जाण्याआधी एक हिशेब करा. पाच एकराचं चौकोनी वावर धरलं तर त्याचा घेर साधारण 570 मीटर भरतो. वावर लांबट असेल तर थोडा जास्त. ताशी तीन किलोमीटरच्या संथ चालीनं ट्रॅक्टर हे अंतर बारा मिनिटांत पार करतो. वळणं, दगड, झाडं, दोनदा फिरवणं सगळं धरा, तरी तास-दीड तासाच्या वर काम जात नाही. वर्षातून दोनदा कापलं तरी तीन तास. म्हणजे नुसत्या धुऱ्यासाठी घेतलेलं यंत्र वर्षभर गोठ्यामागे गंजत पडणार. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: धुरा कोणतं यंत्र चांगला कापतं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की धुरा सोडून त्या यंत्राला तुमच्या वावरात दुसरं कोणतं काम आहे. पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं), संत्र्याची बाग, की ढोरांचा चारा? उत्तर यातूनच निघतं.

चाक कुठून जाणार?

ही गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. आपल्याकडच्या 40-45 एचपीच्या ट्रॅक्टरची मागच्या चाकांची बाहेरून रुंदी सहा फुटांच्या आसपास असते. त्याच्या मागे मधोमध पाच फुटी स्लॅशर लावला, की पातं चाकाच्या बाहेरच्या कडेपेक्षा अर्धा फूट आतच राहतं. असा स्लॅशर धुऱ्याच्या कडेनं चालवून धुरा कापता येत नाही, ट्रॅक्टर धुऱ्यावरूनच न्यावा लागतो. दोन-तीन फुटांच्या उंच धुऱ्यावर ते जमत नाही, आणि एक चाक वर, एक खाली असं तिरपं चालवणं म्हणजे ट्रॅक्टर उलटायला बोलावणं. पांधणीच्या, म्हणजे शेतरस्त्याच्या, कडा आणि रुंद, सपाट पडीक पट्टे मात्र असा स्लॅशर छान साफ करतो.

सरकणारं यंत्र घेतलं, म्हणजे साइड शिफ्टचं, तर दीड फूट बाजूला सरकल्यावर ते चाकाबाहेर फूटभर कापतं. मल्चरमध्येच एक तिरपा होणारा प्रकार येतो, तो पूर्णपणे चाकाबाहेर जातो आणि धुऱ्याच्या उतारावर कलवता येतो. कामाला तोच सर्वांत योग्य, पण जड आणि महाग. कालव्याच्या काठानं लांब हाताची हायड्रॉलिक यंत्रं दिसतात, त्यांचा विचार एकट्या शेतकऱ्यानं करू नये.

आणि चाक बाजूनं जाणार तरी कुठून? धुऱ्याला लागून कपाशीची ओळ असते. ट्रॅक्टरसाठी सहा-सात फुटांची पट्टी चारही बाजूंनी मोकळी सोडली तर पाच एकरात पाव एकराच्या वर जमीन जाते. एवढी जमीन मी तरी कुणाला सोडायला सांगणार नाही. त्यामुळे गाजरगवत फुलावर येण्याआधीची ऑगस्टमधली कापणी खांद्यावरच्या ब्रशकटरनं करा. ट्रॅक्टरची पाळी सोयाबीन निघाल्यावर, आणि कपाशीच्या बाजूनं शेवटच्या वेचणीनंतर. तसंही भर पावसात काळ्या जमिनीत ट्रॅक्टर धुऱ्यापर्यंत पोचत नाही, वापसा पाहावाच लागतो.

स्लॅशर

तिन्हींत स्वस्त आणि दणकट. आडव्या जाड पाट्याला लटकलेली दोन-तीन पाती, वर गिअर बॉक्स, पीटीओ (यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर. पाच फुटीला 35 ते 45 एचपी पुरते. पातं पक्कं कसलेलं नसतं, बोल्टवर सैल फिरतं, त्यामुळे दगड किंवा खुंट लागला की मागे सरतं आणि गिअर बॉक्स वाचतो. अंगठ्याएवढं बाभळीचं पोर, रायमुनिया, बेशरम, सगळं झोडपतो. गावातला वेल्डिंगवाला तो दुरुस्त करू शकतो, ही आपल्या भागात फार मोठी सोय आहे.

पण तो कापत नाही, झोडपतो. स्लॅशर फिरलेल्या जागी तरोट्याचा खुंट पाहिला तर टोक केरसुणीसारखं चिरफाळलेलं दिसतं. गवत सारखं पसरत नाही, एका ओळीत दाट पडतं. आणि दगड उडवतो. पात्याचं टोक ताशी 200 किलोमीटरच्या वर वेगानं फिरतं. मुरमाड धुऱ्यावर सुटलेला खडा माणसाचा डोळा घेऊ शकतो. पुढे-मागे साखळ्यांचा पडदा नसलेला स्लॅशर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. यंत्र चालू असताना आजूबाजूला पोरं, ढोरं, मजूर कुणीही नको.

जुना, एकाच क्लचचा ट्रॅक्टर असेल तर आणखी एक धोका. क्लच दाबला तरी स्लॅशरचा जड पाटा गतीनं फिरत राहतो आणि पीटीओमधून गिअर बॉक्समार्फत ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ब्रेक मारूनही ट्रॅक्टर दोन हात पुढे जातो. समोर विहीर असेल तर? शाफ्टला ओव्हररनिंग क्लच, म्हणजे एकाच दिशेनं जोर पोचवणारा क्लच, बसवला की हा धक्का येत नाही. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरला ही भीती नाही.

मल्चर

आडव्या रोटरवर चक्राकार मांडलेली इंग्रजी वाय आकाराची पाती किंवा हातोडे. गवताला वाय पाती, पऱ्हाटीसारख्या लाकडी देठाला हातोडे. पाच फुटीला 45 एचपीच्या खाली जाऊ नये, नाहीतर दाट गवतात रोटर दम सोडतो. किंमत स्लॅशरच्या दुपटीहून अधिक.

एवढे पैसे का घालायचे? पऱ्हाटीसाठी. 2017 मध्ये बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते सगळ्यांना आठवतं. उभ्या पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत, आणि धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. मल्चर पऱ्हाटीचा उभ्या उभ्या चुरा करून वावरातच पसरतो, बोंडं फुटतात, कचरा जमिनीत कुजतो. स्लॅशरही पऱ्हाटी पाडतो, पण लांब लांब तुकडे ठेवतो, पुढे वखराला अडकतात. दहा-पंधरा एकर कपाशीवाल्याला मल्चरचं काम दोन-तीन दिवस पुरतं, गावात भाड्यानं दिला तर महिनाभर. धुरा मग आपोआप त्याच खर्चात निघतो. दगडही कमी उडतात, कारण रोटर झाकलेला असतो आणि मागे रोलर असतो.

शत्रू एकच: तार. धुऱ्यावर तारकुंपणाचे तुकडे, झटका मशीनची तार, गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या असतातच. तार रोटरच्या टोकाला गुंडाळली की बेअरिंगच्या सीलमध्ये घुसते, ग्रीस बाहेर पडतं आणि बेअरिंग जळतं. म्हणून कापणीआधी धुरा पायी फिरून पाहणं भागच आहे. हद्दीचे दगड दिसतील तिथे फडकं बांधा. एक पातं तुटलं तर त्याच्या समोरचंही बदला, नाहीतर तोल जाऊन सगळं यंत्र थरथरतं.

कटर बार

दातेरी पट्टी, तीन-तीन इंचांची त्रिकोणी पाती मागेपुढे सरकतात. कात्रीसारखं स्वच्छ कापतं. 25-30 एचपीलाही चालतं, मुळातच ट्रॅक्टरच्या बाजूला निघतं आणि उतारावर कलतं. म्हणजे चाकाचा प्रश्न इथे आधीच सुटलेला. कापलेलं गवत अखंड आडवं पडतं, गोळा करून ढोरांपुढे टाकता येतं. मल्चर-स्लॅशरचं गवत मातीत मिसळतं, ते चाऱ्याचं राहत नाही. धुऱ्यावर पवन्या किंवा चांगलं गवत असेल आणि घरी दुभती जनावरं असतील, तर मी डोळे झाकून कटर बार सांगेन.

फक्त हिरव्या, कोवळ्या धुऱ्याला. दिवाळीनंतर लाकूड झालेला तरोटा त्याला झेपत नाही, पडलेल्या गवतात तो तुंबतो, आणि एक दगड लागला की दोन-तीन पाती गेली. जिथे मुरूम वर आलेला आहे तिथे घेऊ नका.

मग कुणी काय घ्यावं?

पाच एकराच्या आत असाल तर काहीच घेऊ नका. ब्रशकटर ठेवा, ट्रॅक्टरचं यंत्र तासावर बोलवा. मोठी कपाशी आणि 45 एचपी असेल तर साइड शिफ्टचा मल्चर, हातोड्यांसह. वरुड-मोर्शीकडच्या संत्रावाल्यांनी छोट्या ट्रॅक्टरला बसणारा चार फुटी स्लॅशर पाहावा. ओळींमधलं गवत रोटाव्हेटरनं उपटलं की संत्र्याची वरच्या थरातली तंतुमुळं तुटतात आणि डिंक्या रोगाला वाट मिळते. नुसतं कापून तिथेच आच्छादन केलं तर मुळं शाबूत राहतात. पांधणी, पडीक आणि झुडपी जमीन जास्त असेल तर मोठा स्लॅशर, शक्यतो चार-पाच जणांत मिळून.

धुऱ्यावर रोटाव्हेटर मात्र कुणीही घालू नये. गवताची मुळं आहेत म्हणून धुरा उभा आहे. ती उपटली की पहिल्याच मोठ्या पावसात माती नाल्यात. कापतानाही तीन-चार इंच खुंट ठेवा, आणि एकाच दिवशी सगळे धुरे बोडके करू नका. लावा, तित्तर पावसाळ्यात तिथेच अंडी घालतात, मित्रकीटकांनाही आसरा लागतो.

अनुदानासाठी कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करता येतो. अल्प व अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, तेही यंत्रागणिक ठरलेल्या मर्यादेत. पूर्वसंमती हातात येईपर्यंत पावती फाडू नका, आधी घेतलेलं यंत्र अनुदानात बसत नाही. पैसे देण्याआधी यंत्र तुमच्याच ट्रॅक्टरला, तुमच्याच धुऱ्यावर अर्धा तास चालवून मागा. पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचं कवच आहे का, शिअर बोल्ट (जास्त जोर आला की स्वतः तुटून यंत्र वाचवणारा) कुठे आहे, जादा पाती आणि पट्टे तालुक्याला मिळतात का, हे तिथेच विचारा. पाती नागपूरहून मागवावी लागणार असतील तर एक जादा संच त्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण पातं तुटतं ते नेमकं पऱ्हाटीच्या घाईत.